निश्चित कारण आढळून आले नाही

गालांना साबण लावून झाला होता आणि वस्तरा कानाखाली टेकला होता, नेमक्या त्याच वेळी मागच्या बाकावर पाळीची वाट बघत बसलेल्या माणसाच्या मोबाइलमधून राम कुलथेला स्वतःचं नाव ऐकू आलं. 'डॉक्टर राम कुलथे, पशुधन विकास अधिकारी,' एका बाईचा खणखणीत आवाज म्हणत होता, 'यांचा सरकारी अहवाल आहे हा. काय लिहिलंय ऐका. प्रयोगशाळा तपासणीत मृत्यूचे निश्चित कारण आढळून आले नाही. म्हणजे फवारणीचं औषध नाही, युरिया नाही, माहितीतलं कुठलंच विष नाही. मग एकतीस मेंढ्या मेल्या कशानं? त्यांनी खाल्लं होतं ते फक्त जनुक बदललेल्या कपाशीचं पान.' रामला मान वळवता येत नव्हती. आरशात त्याला बाकावरच्या माणसाचा अंगठा आणि मोबाइलची चमक एवढंच दिसत होतं. मग एक तरुण, संथ आवाज आला. 'ताई, तोच अहवाल मीही वाचलाय. माझ्या लेखात तो दिलाय. सरकारी डॉक्टरांनी तपासणी केली आणि बियाण्याविरुद्ध काहीही सापडलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. विज्ञान पुराव्यावर चालतं.' 'कुणाच्या पुराव्यावर?' बाई म्हणाली, आणि दोघंही एकदम बोलायला लागले. शेवटी तिसऱ्याच कुणीतरी सांगितलं, की हाच वाद समोरासमोर ऐकायचा असेल तर येत्या रविवारी बारामतीत सभा आहे.

'डॉक्टर, तुमचंच नाव का हो?' विशालनं वस्तरा उचलून विचारलं. तो गेली दहा वर्षं रामची दाढी करत होता.

'असेल दुसरा कुणी.'

'कुलथे काय गावात ढिगानं हायत व्हय?' विशाल हसला आणि त्यानं दुसरा गाल ओढून धरला.

घरी जायला दहा मिनिटांची वाट होती, पण राम मुद्दाम लांबच्या वाटेनं, कालव्याच्या कडेनं निघाला. नावाचं काही वाटत नव्हतं. नोकरीत असताना तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या गोठ्यात रोज त्याच्या नावाचा उद्धार व्हायचा. त्याला चावलं ते अहवालातलं वाक्य. वीस वर्षांत त्यातला एक शब्द हलला नव्हता. त्या बाईनं ते एका बाजूनं वाचलं, त्या मुलानं दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनाही ते पुरलं. पूर्वीही एकदा वर्तमानपत्रात आणि एकदा कुणाच्या तरी इंग्रजी पुस्तिकेत त्याला ते भेटलं होतं. तेव्हा त्यानं स्वतःला समजावलं होतं, की एवढ्या मोठ्या भांडणात आपलं एक वाक्य म्हणजे काय? समुद्रात मूठभर मीठ. आज मात्र वस्तरा गळ्याशी असताना ऐकल्यामुळे असेल, किंवा गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून दिवस रिकामे असल्यामुळे असेल, त्याला ती समजूत पटेना. कालव्याच्या पलीकडच्या रस्त्यानं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते. खाली पडलेल्या उसांचा चाकांखाली चोथा झाला होता, त्याचा आंबूस-गोड वास आला आणि पायांनी आपोआप चाल मंद केली. हा वास आला की त्याचं वय नेहमीच आठ-नऊ वर्षांचं होऊन जायचं.

वडील वालचंदनगरला कंपनीत तपासणी खात्यात होते. कंपनीची दोनखणी क्वार्टर, पुढं मेंदीचं कुंपण, मागं न्हाणीघर आणि धुणं वाळत घालायची तार. सकाळी भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा, दुपारी भोंगा झाला की तीच नदी उलटी वाहायची, आणि आई भोंग्यावर भाताचं आधण ठेवायची. गळिताच्या दिवसांत साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळी पडायची. आईच्या पांढऱ्या चादरींवर काळे ठिपके उतरायचे आणि ती मनापासून चिडायची, पण मुलांना तो खेळ होता. काजळीचा कण तळहातावर झेलायचा आणि तो न मोडता उतरला तर त्या दिवशी शाळेत मार बसणार नाही. रामला वडिलांच्या खात्यात एकदाच जायला मिळालं होतं. माणसाच्या दुप्पट उंचीचं दातेरी चाक आडवं टाकलेलं होतं आणि वडील त्याच्या एकेका दात्यावर वाकून मोजत होते. मोजून झालं की अंगठा फिरवायचे. राम म्हणाला, 'बाबा, अंगठ्यानं कळतं तर मोजता कशाला?' वडील म्हणाले, 'अंगठ्याला लागतं ते मला कळतं. पण कागदावर फक्त मोजलेलं चढतं. न मोजलेलं कागदावर चढवलं की चाक कुठंतरी लांब, आपण ओळखतही नाही अशा माणसांच्यात जाऊन मोडतं.' वडील कमी बोलायचे. म्हणून त्यांचं बोललेलं सगळं लक्षात राहिलं. ते पुढं कधी उपयोगी पडेल असं मात्र त्या वेळी वाटलं नव्हतं, आणि जेव्हा उपयोगी पडायला हवं होतं तेव्हा ते आठवलंच नाही.

तेव्हा, वीस वर्षांपूर्वी, त्याची नेमणूक इंदापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यात होती. बदल्यांच्या यादीत चुकून घराजवळ मिळालेली जागा. मोटारसायकलवर गावं पालथी घालायची, गाईम्हशींचं कृत्रिम रेतन करायचं, लशी टोचायच्या, संध्याकाळी पायजम्याला शेणाचा वास घेऊन परतायचं. त्याला ते आवडायचं. मार्च लागला होता. कऱ्हाटीकडच्या जिराईत भागातून मानसिंग आणि जयवंता हे नवरा-बायको मेंढरं घेऊन उसाच्या पट्ट्यात उतरले होते. एका शेतकऱ्यानं त्या वर्षी हौसेनं नव्या बीटी बियाण्याची कपाशी लावली होती. वेचणी संपली, रान मोकळं झालं, आणि मानसिंगनं संध्याकाळी मेंढरं आत घातली. सकाळपर्यंत एकतीस मेंढ्या पोटं फुगून, तोंडाला फेस येऊन पडल्या. राम पोचला तेव्हा जयवंता एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मानसिंग बांधावर उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, 'म्याच आत घातली.' रामनं तिथंच तीन मेंढ्या फाडल्या. फवारणीचं औषध असू शकत होतं, कारण शेतकऱ्यानं शेवटची फवारणी कधी केली ते नीट सांगितलं नाही. युरियाचं नायट्रेट पानात साठलेलं असू शकत होतं. किंवा ते पानच. नव्या बियाण्याबद्दल त्या वेळी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. डोळ्यांनी बघून यातलं काही सांगता येत नव्हतं. त्यानं जठरातला चारा आणि काळजाचे तुकडे बाटल्यांत भरले, लशीच्या डब्यात बर्फ घालून बाटल्या त्यात ठेवल्या आणि डबा मोटारसायकलला बांधला. दुपारी एकला बारामतीहून खात्याची जीप पुण्याच्या प्रयोगशाळेला निघायची. जयवंता म्हणाली, 'डॉक्टर, कशानं झालं तेवढं कळू द्या. बाकी काय नको.' तो म्हणाला, 'कळेल.' साडेदहा वाजले होते. वेळ भरपूर होता.

आणि वालचंदनगर वाटेवर होतं. वडिलांना नोकरीत वाढवून मिळालेली दोन वर्षं आदल्या दिवशी संपली होती. चार वाजता सामानाचा टेम्पो येणार होता आणि पाच वाजता क्वार्टरची किल्ली कार्यालयात द्यायची होती. सुधा, त्याची बायको, पाच वर्षांच्या श्रियाला घेऊन आदल्या रात्रीच तिथं गेली होती. दहा मिनिटं थांबायचं, पाया पडायचं आणि निघायचं, असं ठरवून तो सव्वाअकराला फाटकातून आत गेला. घर रिकामं झालेलं होतं. बोललेलं भिंतींवरून परत येत होतं. कपाटामागच्या भिंतीवर त्याच्या लहानपणीचा मूळ रंग तसाच होता, फिक्कट हिरवा. आईनं शेजारणीची कढई आणि तवा मागून आणला होता आणि ती पुरण वाटत होती. वडील उघड्या फरशीवर पोत्याची उशी करून चक्क आडवे पडले होते. दुपारचं आडवं पडलेलं त्यांना रामनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. 'डब्यात काय आहे?' त्यांनी पडल्या पडल्या विचारलं. 'लशी आहेत,' राम म्हणाला. मेलेल्या मेंढ्यांचं नाव त्या दिवशी घरात नको वाटलं. 'मग सावलीत लाव गाडी,' वडील म्हणाले. त्यानं गाडी कडुलिंबाखाली लावली. वडील म्हणाले, 'जेवून जा. आजचा दिवस थांब रे.' थांब असं ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले होते.

ती दुपार त्याच्याकडे अजून पुरती होती, एकही तुकडा न गळता. कटाच्या आमटीचा वास. पत्रावळी उडू नयेत म्हणून कडेला ठेवलेले खडे. शेजारचे दोघं-तिघं निरोप घ्यायला आले आणि तिथंच बसले, आणि वडील बोलायला लागले. पहिल्या दिवशी कंपनीत आले तेव्हा पायांत चपला नव्हत्या, उसनी चप्पल घालून मुलाखत दिली, आणि ती चप्पल ज्याची होती तो मागच्या दारी अनवाणी उभा होता. सगळे हसत होते. आई पदर तोंडाला लावून हसत होती. श्रियानं कुठूनसा कोळशाचा तुकडा पैदा केला आणि त्या हिरव्या भिंतीवर रेघा ओढायला लागली. राम ओरडणार तेवढ्यात वडील उठले. कंपनीच्या भिंतीला खिळा ठोकायचा झाला तरी अर्ज करणारा माणूस. त्यांनी नातीच्या हातातून कोळसा घेतला आणि भिंतीवर एक मोठं दातेरी चाक काढलं, हातानं, कशाचाही आधार न घेता, आणि मग दोघं मिळून दाते मोजायला लागले. सुधा दारात उभी होती. तिच्या केसांवर काजळीचा एक कण होता आणि तो न मोडता तिथं बसला होता. राम तिच्याकडे बघत राहिला. बाहेर लिंबाची सावली कधीची सरकली होती आणि डबा उन्हात होता. ते त्याला दिसत नव्हतं असंही नाही. खिडकी समोरच होती. पण पाच वाजेपर्यंत त्याला डब्याची खरोखरच आठवण झाली नाही. पुढं वीस वर्षं त्याला कुणाला सांगता आलं नाही ते नेमकं हेच. काही अडचण आली नव्हती. गाडी पंक्चर झाली नव्हती. तो फक्त सुखात होता.

साडेसहाला तो बारामतीत पोचला तेव्हा जीप केव्हाच गेली होती. डबा हलवला की पाण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं त्यानं बाटल्या पाठवल्या, पाठवायच्या म्हणून. पंधरवड्यानं प्रयोगशाळेचं पत्र आलं : नमुने कुजलेल्या स्थितीत मिळाल्याने तपासणी करता आली नाही. तोवर मेंढ्या पुरल्या गेल्या होत्या, कपाशीच्या काड्या उपटून जाळल्या होत्या, त्या रानात उसाची लागण झाली होती. परत विचारायला जागाच शिल्लक नव्हती. जयवंता दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली होती. तिला कागद हवा होता. राम आत टेबलाशी बसला आणि त्यानं लिहिलं : प्रयोगशाळा तपासणीत मृत्यूचे निश्चित कारण आढळून आले नाही. सरकारी मराठीचा हा एक मोठा आसरा असतो. तिला कर्ता लागत नाही. आढळून आले नाही. कुणाला आढळलं नाही, का आढळलं नाही, हे विचारायला त्या वाक्यात कुठं फटच नव्हती. त्यानं शिक्का मारला, एक प्रत जयवंताला दिली आणि ती तो कागद पदराखाली धरून निघून गेली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर वडील गेले. त्यांना तर त्यानं तो डबा लशींचा होता एवढंच सांगितलेलं होतं.

घरी सुधा गवार निवडत बसली होती. रामनं चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, साडेदहापासून साडेसहापर्यंत. ती एकेक शेंग मोडत ऐकत होती. मध्येच तिचे हात थांबले.

'म्हणजे बाबा श्रियाला चाक काढून देत होते तेव्हा तुमचं लक्ष त्या डब्याकडे होतं?'

'नव्हतं. तेच तर सांगतोय. नव्हतं.'

सुधानं आणखी एक शेंग मोडली. मग म्हणाली, 'अहो, तो दिवस माझाही आहे. श्रियाला तिचे आजोबा आठवतात ते त्या भिंतीपाशीच आठवतात. त्याच्यावर हे आणून ठेवू नका.'

'मी नाही ठेवलं. ते तिथंच होतं.'

तिनं परात बाजूला सरकवली. 'मग मला कशाला सांगताय? जिची मेंढरं मेली त्या बाईला सांगा.'

कऱ्हाटीला तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेला. जयवंताचं घर शोधावं लागलं नाही. फाट्यावर नुसतं नाव घेतल्यावर एक जण म्हणाला, 'दिल्लीवाली आजी व्हय?' आणि बोट दाखवलं. पत्र्याचं घर, पुढं दोन शेळ्या, भिंतीला टेकवलेली बाज. ती आता सत्तरीकडे झुकली होती, पण तिनं त्याला लगेच ओळखलं. आत नेलं, चटई टाकली, सुनेला हाक मारली. 'स्वरूपा, च्या ठेव. ह्येच ते डॉक्टर, ज्यांनी कागद दिला.' भिंतीवर फोटो होते. जयवंता मंचावर, जयवंता एका मोर्चात, जयवंता विमानतळावर, नऊवारीत, हातात फुलं. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये हार घातलेला मानसिंग. चार वर्षांमागं गेले, असं ती म्हणाली. त्या सकाळनंतर मालकांनी काठी हातात धरली न्हाय. उरलेली मेंढरं देऊन टाकली. कुनी काय बोललं न्हाय तरी आपलं म्हनायचं, म्याच आत घातली. 'मंग संजीवनीताई आल्या, ह्या बियान्याइरुद्ध सभा घेत्यात त्या. त्यांनी तुमचा कागद वाचला आन म्हनल्या, तुमच्या मालकांची चूक न्हाय, बियान्याची हाय. त्या दिवसापासनं मी सांगत फिरतीया. जितं न्हेतील तितं, पार दिल्लीपतोर. मालकांनी ऐकावं म्हनून. लोकं तर काय, कायबी ऐकत्यात.'

रामच्या हातात चहाची बशी होती. त्यानं ती खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. आपण काय बोलतोय याचा अर्थ आताच, या खोलीत, त्याला पुरता कळत होता. डबा, बर्फ, जीप. पत्रात काय होतं आणि आपण काय लिहिलं. स्वरूपा दारात उभी राहिली होती, ती आत निघून गेली.

'म्हंजी तपासलंच न्हाय?'

'नाही.'

'म्हंजी बियान्यानं झालं का न्हाय, कळायचं न्हाय.'

'नाही कळणार.'

'आन मालकांचं चुकलं का न्हाय, त्येबी न्हाय?'

'तेही नाही.'

ती फोटोकडे बघत नव्हती. समोरच्या शेळीकडे बघत होती. 'साडेधाला निगाला व्हता तुमी. मी बघितलं व्हतं गाडी वळेस्तवर. मधी कुठं व्हता?'

'घरी. वालचंदनगरला. जेवायला थांबलो.'

'काय व्हतं जेवायला?'

त्यानं चमकून वर पाहिलं. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. तिला खरंच हवं होतं. आणि त्यानं सांगितलं. पुरणपोळी, कटाची आमटी, रिकामं घर, वडील फरशीवर पडलेले, उसनी चप्पल, कोळसा, भिंतीवरचं चाक. वीस वर्षांत त्यानं ती दुपार कुणाला एवढी सलग सांगितली नव्हती, सुधालाही नाही. सांगता सांगता त्याला त्यात गोडी वाटायला लागली आणि ते जाणवून तो मध्येच थांबला.

'सांगा की,' जयवंता म्हणाली. 'त्या दिवशी कुनाचं तरी बरं चाललं व्हतं म्हनायचं.' मग ती उठली, बशी उचलली. 'ऐतवारी सभा हाय बारामतीला. मी येनार हाय. तितं सांगा ह्ये. मला एकलीला सांगून भागायचं न्हाय.'

रविवारी सभागृह निम्मं भरलं होतं. कृषी पदवीची मुलं, काही शेतकरी, पुढच्या रांगेत संजीवनीताई, म्हणजे मोबाइलमधला तो खणखणीत आवाज, आणि त्यांच्या शेजारी जयवंता. दुसरा वक्ता ऋषिराज, तोच मोबाइलमधला संथ आवाज. जवळच्याच पिंपळी गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, परदेशात शिकून आलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. दोघंही चांगलं बोलले. राम ऐकत होता आणि त्याला दोघांचंही पटत होतं. बाई म्हणत होती, ज्यांना विकायचं आहे त्यांनीच तपासायचं आणि आम्ही विश्वास ठेवायचा, हे कसं? मुलगा म्हणत होता, भीती म्हणजे पुरावा नव्हे. दोघांनी मधेच तो कागद पडद्यावर दाखवला. स्वतःच्या तरुण हस्ताक्षरातली सही भिंतीएवढी झालेली रामनं पाहिली. प्रश्नांची वेळ झाली तेव्हा तो उठला, नाव सांगितलं, आणि मागं खुर्च्या कुरकुरल्या. त्यानं पाच मिनिटांत सगळं सांगितलं. जेवणाचं एवढंच म्हणाला, की घरी थांबलो.

पहिल्यांदा संजीवनीताई बोलल्या. 'डॉक्टर, वीस वर्षं गप्प होतात. आजच का? कोण भेटलं तुम्हाला?' मागून कुणीतरी हसलं. ऋषिराजचा चेहरा मात्र उजळला होता. 'म्हणजे या अहवालाला काही किंमत नाही, हे आता...' राम म्हणाला, 'तुमच्या बाजूनंही नाही. तपासलंच नाही, तर काही सापडलं नाही असंही म्हणता येत नाही. तुमच्या लेखात ते आहे.' ऋषिराजनं त्याच संथ आवाजात विचारलं, 'प्रयोगशाळेचं पत्र आहे तुमच्याकडे?' नव्हतं. जुने कागद कार्यालयानं कधीच निकाली काढले होते, जीपची नोंदवही त्यांच्याबरोबर गेली होती. 'मग सर, राग मानू नका. एकदा चुकीचं लिहिलेल्या माणसाचा आजचा शब्द, एवढाच पुरावा उरतो.' त्यावर संजीवनीताईंनी मान हलवली. दिवसभरात दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. राम खाली बसला. ऋषिराजचं बरोबर होतं. त्याच्या जागी आपण असतो तर हेच विचारलं असतं, असं त्याला वाटलं. त्याला वाटलं होतं की खरं सांगितलं की ते निदान खरं म्हणून उभं राहील. ते उभं राहिलं नाही. कुणीतरी कांद्याच्या भावाचा प्रश्न विचारला आणि सभा पुढं गेली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून जयवंता उठली. संजीवनीताईंनी तिचा हात धरला, तो तिनं हळूच सोडवला, आणि मधल्या वाटेनं चालत रामच्या खुर्चीपाशी आली. 'चला भाईर,' ती म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. ती दुसऱ्या पायरीवर बसली आणि तिनं पिशवीतून कागद काढला. पारदर्शक आवरणात घालून घेतलेला, कडा पिवळ्या पडलेल्या.

'तितं कुनाला पटलं न्हाय,' राम म्हणाला.

'मला पटलं की. माझीच मेंढरं व्हती.' तिनं कागद त्याच्यापुढं धरला. 'ह्याच्यावर खाडाखोड करता यील का?'

'नाही. आवरण आहे वर.'

'मग नवा लिवा.'

त्यानं सभेच्या पत्रिकेची कोरी बाजू गुडघ्यावर घेतली. पेन होतं. लिहायला त्याला वेळ लागला नाही. वाक्यं जणू बरीच वर्षं रांगेत उभी होती. लिहून झाल्यावर ती म्हणाली, 'वाचा.' तो वाचायला लागला. 'अमुक तारखेस एकतीस मेंढ्या दगावल्या. त्यांचे नमुने घेण्यात आले. दुर्दैवाने ते प्रयोगशाळेत वेळेत पोहोचू शकले नाहीत...'

'थांबा. दुर्दैवानं म्हंजी?'

'म्हणजे... नशिबानं.'

'नशिबानं काय केलं हितं?'

रामनं तो शब्द खोडला.

'आन पोचू शकले न्हाईत म्हंजी? बाटल्यांस्नी काय पाय व्हते का?'

त्यानं ते वाक्यही खोडलं आणि वर लिहिलं : मी ते वेळेत पोहोचवले नाहीत. मग त्याचं त्यालाच दिसलं आणि 'नमुने घेण्यात आले' खोडून त्यानं 'मी नमुने घेतले' केलं. 'मी घरी थांबलो. माझ्यामुळे ते कुजले. तपासणी झाली नाही, हे मी लपवले.' प्रत्येक वाक्यात एक मी आला. लहानशी अक्षरं, पण पेन तिथं जड होत होतं. त्यानं पुन्हा वाचलं. या वेळी जयवंतानं अडवलं नाही. आत कुणाच्या तरी भाषणाला टाळ्या पडल्या आणि थांबल्या.

'आता खाली त्यांचं नाव लिवा,' ती म्हणाली.

'मानसिंग?'

'व्हय.'

'काय लिहू?'

रस्त्यावरून एक एसटी गेली, ती तिनं जाऊ दिली. मग म्हणाली, 'लिवा, ह्यांची चूक व्हती आसं कुनाला म्हनता येत न्हाय.'

रामनं पेन टेकवलं आणि उचललं. हे वाक्य त्याला तपासून घ्यावंसं वाटलं. तिची दया येऊन लिहायचं नव्हतं. तसं लिहिलं तर ते पुन्हा तेच झालं असतं. चूक नव्हती असं ती म्हणत नव्हती. असं कुणाला म्हणता येत नाही, एवढंच म्हणत होती. त्यानं ते एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. कुजलेल्या बाटल्यांमधून, जळालेल्या काड्यांमधून, उसाखाली गेलेल्या त्या रानातून आज एवढंच निघत होतं, आणि ते खरं होतं.

'मालकांस्नी वाचून दाखवीन,' जयवंता म्हणाली. 'मला येत न्हाय वाचाया. स्वरूपा वाचंल.'

त्यानं मानसिंगचं पूर्ण नाव विचारून घेतलं. नवऱ्याचं नाव ती तोंडानं उच्चारेना, तेव्हा तिनं त्याचं आधारकार्ड काढून दाखवलं आणि त्यावरून त्यानं अक्षर अक्षर उतरवलं. पुढचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहिलं, तारीख घातली आणि खाली सही केली.